राजेहो, मशीन का कडकडतेय?

तर्री पोहे असोत की वडाभात, हादडून झालं की ट्रे कॅन्टीनच्या खिडकीतून आत सरकवायचा, बस्स! पलीकडे त्या प्लेट्सचं काय होतं, याची फिकीर कोणाला? पण ऑफिस मिहानमध्ये असो की सिव्हिल लाइन्समध्ये, आत डिशवॉशर असेल तर एकदा कान देऊन ऐका. पंपात कुणी मूठभर गिट्टी टाकल्यासारखा आवाज येतोय का? मग बॉस, तुमच्या उद्याच्या प्लेटचं काही खरं नाही.

या आवाजाचं नाव कॅव्हिटेशन. नाव भारी, पण फंडा सोपा. पाणी १०० अंशांना उकळतं, हे शाळेतलं गणित नेहमीच्या हवेच्या दाबाचं. दाब पाव भागावर आणा, ६५ अंशांनाही ते उकळेल! आणि मशीनमधलं धुण्याचं पाणी असतंच ६० ते ६५ अंशांच्या आसपास. पंप खालून पाणी ओढतो. गाळणीत भात, डाळ, टिश्यू पेपर अडकला की ओढ वाढते, दाब पडतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. पुढे इम्पेलरपाशी, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांपाशी, दाब वाढला की ते फटाफट फुटतात. प्रत्येक बुडबुडा पात्यावर सुईसारखा टोचतो. लोखंडालासुद्धा देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पडतात.

१८९० च्या दशकात ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या पंख्याने हाच त्रास दिला होता. आणि १९१७ मध्ये लॉर्ड रॅलेंनी फुटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं, ते कशावरून? किटलीतलं पाणी उकळण्याआधी जे गुणगुणतं, त्याच्या वर्णनावरून! म्हणजे तुमच्या चहाच्या पातेल्यातही रोज हेच घडतं. फक्त तिथे कुणाचं नुकसान होत नाही.

इथे होतं. पाण्याचा मारा मंदावतो, सावजीचा तेलकट रस्सा प्लेटला चिकटून राहतो. मग कुणीतरी शक्कल लढवतो: घरचा भांडी घासायचा लिक्विड सोप ओता! झालं कल्याण. मशीनचं डिटर्जंट मुद्दाम कमी फेसाचं असतं. घरच्या साबणाचा फेस पंपात शिरला की पाण्याऐवजी हवाच फिरते. त्याचा आवाज मात्र गिट्टीचा नसतो, गुळण्या केल्यासारखा असतो. टाकीत पाणी कमी असलं तरी असंच होतं.

आजार ओळखायचा कसा? मशीन बंद करा, गाळणी काढून धुवा, ताजं पाणी पूर्ण पातळीपर्यंत भरा, पुन्हा चालू करा. आवाज गेला? गाळणी किंवा पाण्याची पातळी दोषी. पाणी थंड असताना गप्प आणि तापल्यावर कडकड? थर्मोस्टॅट तपासा, पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापत असेल. गार-गरम दोन्हीत सारखाच घरघराट? मग बहुधा बेअरिंग गेलंय. बोअरचं जड पाणी असेल तर गाळणीच्या भोकांवर क्षार साचतो, तोही खरवडायला हवा. (मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीत आयतं गरम पाणी असतं, पण त्या बिचाऱ्याला यात गोवू नका.)

एक शॉर्टकट मात्र बिलकुल नको: आवाज थांबवायला तापमान उतरवून ठेवणं. पाणी गार झालं की तेल सुटत नाही, आणि शेवटची ८२ अंशांची धार कमी केली तर जंतूही मजेत राहतात.

हा आवाज सगळ्यात आधी कोणाला ऐकू येतो? मॅनेजरला नाही, एएमसीवाल्या इंजिनिअरलाही नाही. दिवसभर मशीनशेजारी उभ्या असलेल्या भाऊला किंवा ताईला. त्यांनी ‘साहेब, मशीन कडकडतेय’ म्हटलं की ‘चालू दे बे’ म्हणणारे साहेब पुढे इम्पेलर आणि सील, दोन्हींचं बिल भरतात. आणि तुम्ही? ट्रे सरकवण्याआधी टिश्यू आणि उरलेला भात डस्टबिनमध्ये टाका. गाळणीत सगळ्यात आधी तेच अडकतं.