मजुरीचीं नांवें



ज्याला आपण ‘पगार’ म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांकडून आला; त्यांच्या भाषेंत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणें. ‘मजूर’ हा फारसी. ‘मुझ्द’ म्हणजे श्रमाचें मोल, तें घेणारा तो मजूर. ‘वेतन’ संस्कृत असून पाणिनीच्या सूत्रांत व कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि आढळतें. एकाच गोष्टीस इतकीं नांवें कशाला, असें कोणी विचारील. परंतु तीं एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. श्रम कोणत्या मापानें मोजले आणि देणाऱ्यानें कोणतें बंधन मानलें, हें प्रत्येक नांव सांगतें.

छत्रपती संभाजीनगरहून जळगांवकडे निघालें कीं फुलंब्री लागतें. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता व कचेरीची भाषा उर्दू होती. तेथील नोकरदाराचा तो ‘तनखा’. ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘देहास जें हवें तें’. शेतांतलीं मापें निराळीं. दिवसाच्या कामाचा ‘रोज’, पाडव्यापासून वर्षभर बांधलेल्या गड्याचें ‘साल’, आणि सुतार-लोहारांस सुगीला मिळे तें धान्याचें ‘बलुतें’. पावसानें काम बुडालें तर रोज बुडतो. सालदाराला वर्षाची खात्री असते, परंतु वर्ष सरेपर्यंत सुटका नसते. बलुतेदाराचा वांटा पिकांत, म्हणून दुष्काळहि त्याच्या वांट्यास येई.

मराठवाड्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या तोंडीं ‘उचल’ हा शब्द असतो. ती मुकादमाकडून कामाआधींच घेतलेली रक्कम. ती फेडण्यासाठीं पुढें हंगामभर राबावयाचें. तेथें नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. दोघें तोडतात, मोळ्या बांधतात, वाहतात. हिशेब मात्र एकच होतो. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीं झाला. परंतु जेथें बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाहीं, तेथें ती समान कशाशीं करावयाची?

‘मानधन’ हा शब्द तर फार सभ्य. त्यांत मान आहे आणि धनहि आहे. हक्क मात्र नाहीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं बालविकास योजना सुरू झाली, तेव्हांपासून अंगणवाडीच्या सेविकांस जें मिळे त्यास मानधन म्हणत. मान म्हणून दिलें तें वेतन नव्हे, मग निवृत्तीच्या वेळीं ग्रॅच्युइटी कशाची, असा युक्तिवाद झाला. गुजरातेंतील सेविकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २५ एप्रिल २०२२ रोजीं तो अमान्य केला. त्या कायद्यापुरतें हें मानधन वेतनच होय, असें ठरविलें. शब्दाचा अर्थ ठरण्यास शेहेचाळीस वर्षें गेलीं, आणि तेवढ्यांत कित्येक सेविका निवृत्त झाल्या.

आतां आपल्या घरचेंच पाहूं. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंना आपण ‘कांहींतरी देतों’ कीं ‘पगार देतों’? ‘कांहींतरी’ ह्या शब्दास तारीख नसते, रजा नसते, वाढहि नसते. पगार म्हटलें कीं ह्या तिन्ही गोष्टी विचारण्याचा अधिकार त्यांना येतो. येत्या पहिल्या तारखेस पैसे हातीं ठेवतांना तो शब्द आपण उच्चारावा, आणि त्या तीन गोष्टी त्यांनीं विचारण्याआधीं आपणच सांगाव्या.