जुन्या मोटारीची जोपासना

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण मुलखांत जुनी मोटार गंजापासून पुष्कळशी वांचते. परंतु तेवढ्यानें ती सुरक्षित राहिली, असें समजूं नये. इंग्लंडमध्यें १९४५ ते १९४९ या काळांत सुमारें १०,००० एम्. जी. टी. सी. मोटारी तयार झाल्या. या दोन आसनी, वेगवान मोटारीचा पत्रा ॲश वृक्षाच्या लाकडी सांगाड्यावर बसविलेला असतो. कोरड्या हवेंत हें लाकूड आकसतें, सांधे ढिले पडतात व दारें लोंबूं लागतात. अशा वेळीं रंगाऱ्यापूर्वीं सुताराला बोलवावें.

इंजिनाची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. त्याच्या बोल्टांचीं डोकीं व्हिटवर्थ या इंग्रजी मापाचीं, पण आटे मेट्रिक! कारण कॉव्हेंट्रीचा तो इंजिन-कारखाना पूर्वीं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. १९२३ सालीं तो मॉरिसकडे आला, तरी मेट्रिक आट्यांची पद्धत कायम राहिली. आजच्या कारागिराचा मेट्रिक पाना या डोक्यावर नीट बसत नाहीं. म्हणून बोल्टच इंग्रजी मापाचा समजून दुसरा दडपून बसविला, तर बिडाच्या इंजिनांतील आटे मरतात आणि सोपें काम महागांत पडतें. तेव्हां बोल्ट हातानें सहज फिरत नसेल, तर जोर लावण्यापूर्वीं माप घ्यावें.