मुलाचे वागणे बिघडले तर कोणाकडे जावे?

आपल्या धर्मग्रामांत मुलांच्या वागणुकीविषयीची चिंता पुष्कळदा सर्वप्रथम धर्मगुरूंच्या कानी पडते. मिस्सा आटोपल्यावर एखादी माता मागे थांबते आणि हलक्या आवाजात म्हणते, “फादर, माझ्या मुलासाठी प्रार्थना करा. तो कोणाचे ऐकत नाही, शाळेतून रोज तक्रार येते, राग आला की हाती लागेल ते फेकतो.” आम्ही धर्मगुरू प्रार्थना करतो आणि करीत राहू. परंतु त्या कुटुंबाला प्रार्थनेच्या जोडीला योग्य तज्ज्ञाचीही गरज असते. तो कसा शोधावा हे ठाऊक नसल्यामुळे, आणि ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीमुळे, मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. तोवर ‘वाईट मुलगा’ हा शिक्का त्याच्यावर बसतो आणि हळूहळू त्यालाही तो खरा वाटू लागतो. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रद्धा आणि उपचार

तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असा समज अजूनही आढळतो. तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी सुसंगत नाही. पवित्र शास्त्रातील बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, कारण त्याचे कौशल्य परमेश्वराकडूनच आलेले असते. २००६ सालच्या आजाऱ्यांच्या जागतिक दिनासाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मानसिक आजार हाच विषय निवडला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतग्रंथात मोकळेपणाने सांगितले, की वयाच्या ४२ व्या वर्षी अर्जेंटिनात असताना आपण सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू मनोविश्लेषक महिलेकडे जात होतो.

प्रायश्चित्त संस्कार आणि मानसोपचार यांची क्षेत्रे निराळी आहेत. संस्काराने पापांची क्षमा मिळते; मात्र अतिचंचलता किंवा भयगंड हे पाप नव्हे. मुलाला ‘भूतबाधा’ झाली आहे असे कोणी सुचविल्यास पालकांनी सावध व्हावे. अपदूत काढण्याच्या विधीपूर्वी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेण्यास ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा बजावते आणि बिशपांच्या परवानगीविना तो विधी कोणालाही करता येत नाही. चालू औषधे बंद करावयास सांगणारी व्यक्ती कितीही भक्तिमान असली, तरी तिचा सल्ला मानू नये.

मदत केव्हा घ्यावी?

हट्ट, रुसणे, भावंडांशी भांडणे हे बालपणाचेच भाग आहेत. परंतु असे वागणे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसू लागले आणि त्यामुळे मुलाचा अभ्यास, मैत्री किंवा घरातील शांतता ढासळू लागली, तर तज्ज्ञाचे मत घ्यावे. स्वतःला इजा करणे किंवा मरणाची भाषा करणे असे काही दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

हसरे मूल अचानक गप्प किंवा आक्रमक झाले, विशिष्ट व्यक्तीकडे वा ठिकाणी जाण्यास घाबरू लागले, तर त्यामागे लैंगिक अथवा अन्य अत्याचार असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. अशा वेळी मुलाला न रागावता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्यावर विश्वास ठेवावा. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. ती व्यक्ती नात्यातील, शाळेतील वा चर्चमधील असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे.

पहिली पायरी म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून मुलाची श्रवणशक्ती, दृष्टी आणि झोप यांची तपासणी करून घ्यावी. कमी ऐकू येणारे मूल ‘दुर्लक्ष करणारे’ ठरते आणि वाचनदोष असलेले मूल ‘आळशी’ ठरते, असे अनेकदा घडते.

कोण काय करतो?

आपल्याकडे हे तीन शब्द सरमिसळ वापरले जातात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. ते आजाराचे निदान करतात आणि गरज भासल्यास औषधे देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या आणि वर्तनोपचार करतात; औषधे देण्याचा अधिकार त्यांना नसतो. त्यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. अभ्यासक्रमांची नावे बदलत असल्यामुळे पदवीच्या अक्षरांपेक्षा नोंदणी क्रमांक विचारणे अधिक सुरक्षित होय. समुपदेशक संवादाच्या मार्गाने आधार देतात. त्यांच्यापैकी अनेक जण उत्तम कार्य करतात. मात्र ‘समुपदेशक’ ही पाटी लावण्यासाठी आपल्या देशात दीर्घकाळ सक्तीची नोंदणी नव्हती. म्हणून त्यांचे शिक्षण आणि मुलांसोबत काम करण्याचा अनुभव यांची चौकशी अवश्य करावी.

पहिल्या भेटीपूर्वी आणि भेटीत

भेटीपूर्वी दोन आठवडे एका वहीत साधी टिपणे ठेवावीत. मुलाच्या वागण्याआधी काय घडले, त्याने नेमके काय केले आणि त्यानंतर घरच्यांनी काय केले, या तीन गोष्टी तारीखवार लिहाव्यात. ‘तो फार त्रास देतो’ या वाक्यातून तज्ज्ञाला फारसे कळत नाही. ‘अभ्यासाला बसविले की पुस्तक फेकतो, मग आजी त्याला मोबाइल देते’ या वाक्यातून पुष्कळ कळते.

भेटीत पालकांनी संकोच न करता पुढील प्रश्न विचारावेत. आपले शिक्षण व नोंदणी काय? या वयाच्या मुलांसोबत आपण काम केले आहे काय? उपचाराचे ध्येय कोणते आणि प्रगती कशी मोजणार? साधारण किती सत्रे लागतील व शुल्क किती? आम्हा आईवडिलांचा त्यात कोणता सहभाग असेल? गोपनीयता कशी राखली जाईल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र मुलाच्या जिवाला धोका असल्यास अथवा अत्याचार उघडकीस आल्यास तज्ज्ञाला मौन पाळता येत नाही.

शेवटून दुसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान मुलांच्या वर्तनसमस्यांत पालकांना प्रशिक्षण देणे हाच उपचाराचा गाभा असतो. एडीएचडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिचंचलतेत तर सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधांच्या आधी पालकांचे प्रशिक्षण सुचविले जाते. जो तज्ज्ञ पालकांना दाराबाहेर बसवून केवळ मुलाला ‘दुरुस्त’ करून देण्याची हमी देतो, त्याच्याविषयी पुनर्विचार करावा.

या प्रशिक्षणात चमत्कार नसतो. चांगल्या वागण्याची लगेच आणि नेमक्या शब्दांत वाखाणणी करणे, सूचना एका वेळी एकच आणि शांतपणे देणे, घरातील सर्व मोठ्यांनी एकच नियम पाळणे, क्षुल्लक आरडाओरडीकडे लक्ष न देणे, अशा गोष्टी पालक शिकतात. मारहाणीला त्यात स्थान नाही. आरडाओरडीने लक्ष मिळेनासे झाले की काही दिवस मूल पूर्वीपेक्षा अधिक थयथयाट करते. नेमक्या याच टप्प्यावर ‘काही उपयोग नाही’ म्हणून पालक उपचार सोडतात. वास्तविक, नवा नियम मुलाला जाणवू लागल्याचीच ती खूण असू शकते. तेव्हा उपचार सोडण्याऐवजी तज्ज्ञाशी बोलावे.

कोठे जावे?

ऐपत नसल्यास उपचार मिळणारच नाहीत, असे नाही. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्याने दिला आहे. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच ही संस्था आहे. मुंबईतील ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून मुलांच्या विकासविषयक अडचणींवर काम करते. दूरध्वनीवरून प्रथम सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो निःशुल्क आहे व मराठीतूनही बोलता येते.

पहिल्याच तज्ज्ञाशी सूर जुळेल असे नाही. तीन-चार भेटींनंतरही मूल वा पालक मोकळे होत नसतील, तर तसे स्पष्ट सांगून दुसरा तज्ज्ञ शोधण्यात काहीही गैर नाही. मात्र दर महिन्याला डॉक्टर बदलत राहिल्यास कोणताच उपचार मुळापर्यंत पोहोचत नाही.

धर्मग्रामाचे कर्तव्य

ज्या घरात ही समस्या असते, ते घर हळूहळू एकटे पडते. चर्चमध्ये मूल गडबड करते म्हणून आईवडील मिस्सेला येणे टाळतात; धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला मागच्या बाकावर बसविले जाते. आपण भाविकांनी वळून रोखून पाहण्याऐवजी त्या मातेसाठी बाकावर जागा केली, तर तो मोठाच आधार होईल. धर्मशिक्षकांनी अशा मुलाकडे छोटी कामे सोपवावीत. ज्या पालकांना या वाटेचा अनुभव आहे, त्यांनी नव्या पालकांसोबत पहिल्या भेटीला जावे. शिष्यांनी अडविलेल्या बालकांना प्रभू येशूने जवळ बोलाविले, तेव्हा त्यांच्या वागणुकीचे प्रशस्तिपत्र मागितले नव्हते. आपणही ते मागू नये.