मीटर पळतो, दोष कुणाचा?



दिवाळीनंतर मुंबईस भोईवाड्यात आत्याकडे गेलो होतो. आतोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. चाळीतले शेजारीही आपल्याच गावचे. पण दोन महिने दोन्ही घरांत बोलणे बंद! विजेचे बिल दुप्पट आले, तेव्हा शेजाऱ्यानेच आपल्या लाइनीवर तार टाकली, असा आत्याचा संशय.

प्रथम बिल पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत सरासरीची बिले निघून जूनमध्ये फरक एकदम अंगावर आला, तसा प्रकार नव्हता. बिलातला आकडा मीटरशी जुळत होता. मग घरातला मेन स्विच पाडला. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. म्हणजे बाहेर कुणाची तार नाही! मेन चालू करून फक्त फ्रिज ठेवला. तास झाला, दोन झाले, दिवा काही थांबेना. चांगला फ्रिज मधूनमधून विसावतो. याच्या दाराचे रबर फाटलेले, त्याला उसंतच नव्हती. १५० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८!

रबर बदलले. आत्या मी नेलेल्या साखरेतली वाटीभर घेऊन शेजारी गेली.

बंधूंनो, उसाच्या वजनाची पावती जपता, तसा दरमहा ठरल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा. मेन बंद असूनही दिवा लुकलुकला, तर तारेला हात न लावता वीज कचेरीत लेखी अर्ज द्या. शेजाऱ्यावर बोट मात्र तपासाआधी दाखवू नका.

— ऊस विकास अधिकारी