नव्वद सेकंद आणि तीन बाहुल्या

जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या कापसाच्या तालुक्यातील माणसाला विमान गाठावयाचे तर जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, चिकलठाण्याच्या विमानतळावर यावे लागते. आणि याच धावपट्टीवरून 26 एप्रिल 1993 रोजी मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान बीड रस्त्यावरील, कापसाच्याच गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकून कोसळले. 118 जणांपैकी 55 दगावले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचाही ठपका ठेवला गेला. रस्त्याचा बंदोबस्त करता येतो. परंतु जमिनीवर आलेल्या विमानातून माणसे किती त्वरेने बाहेर पडतील, हे पुष्कळसे आसनांच्या मांडणीवर अवलंबून असते, आणि त्या विषयाकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

त्याचा दारुण वस्तुपाठ मँचेस्टर येथे 22 ऑगस्ट 1985 रोजी मिळाला होता. तेही बोइंग 737च. उड्डाण रद्द करून ते पेटलेले विमान धावपट्टीबाहेर थांबले, तरीही 137 पैकी 55 जण मृत्यू पावले, आणि त्यांतील बहुतेक धुराने. पंखावरील आपत्कालीन दाराचा सुमारे 22 किलोची झडप आत कोसळून प्रवाशाच्याच अंगावर पडली, आणि आसनांमधील अरुंद फटीतून त्या दारापर्यंत पोहोचणे दुष्कर झाले. त्या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये दारालगतची वाट मोकळी ठेवण्याचे नियम झाले. प्राणरक्षणासाठी राखलेली तीच ऐसपैस जागा आज अनेक कंपन्या पाय पसरण्याचे सुख म्हणून जादा दराने विकतात, हा व्यापारबुद्धीचा विलक्षण नमुना होय.

नव्या विमानास परवाना मिळण्यापूर्वी निम्म्याच दारांतून, अंधारात, सर्वांना नव्वद सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागते. या परीक्षेसाठी सुदृढ प्रौढ निवडतात. तान्ह्या मुलांच्या जागी तीन बाहुल्या प्रवाशांच्या हाती देतात. मंठ्याच्या, जालन्याच्या कुटुंबांत मात्र गुडघे धरलेली आजी, कमी ऐकू येणारे आजोबा आणि आईचा पदर न सोडणारे पोर असते. मराठवाड्यातून हज यात्रेला जाणाऱ्यांत तर वृद्धही पुष्कळ असतात. अशा मंडळींना, आसननिवडीचे जादा पैसे भरले नाहीत म्हणून, निरनिराळ्या रांगांत बसविले, तर संकटसमयी प्रत्येक जण दाराकडे जाण्याऐवजी आपल्या माणसाकडे उलट धावेल, आणि चिंचोळ्या वाटेवर एक उलटा माणूस सर्वांचा मार्ग रोखू शकतो. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून 379 जण अवघ्या तीन दारांनी सुखरूप बाहेर पडले, ते सामानाचा मोह सोडून, आज्ञा मानून एका दिशेने चालल्यामुळे.

त्याच वर्षी एप्रिलात आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बारा वर्षांपर्यंतच्या मुलास किमान एका पालकाशेजारी आसन देण्याचे फर्मान काढले. हे उत्तमच, परंतु वृद्धांची तजवीज त्यात नाही. हिंदी-इंग्रजीतील सूचना ज्या सत्तरीच्या आजीला कळत नाहीत, तिच्या मुलाने तिच्याशेजारची खुर्ची जादा पैसे मोजून का विकत घ्यावी, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.