दाढेतला बुडबुड्यांचा दंगा

भावावर किती विश्वास टाकावा? १९६५ साली अमेरिकेत लिऑन गोल्डमन नावाच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सख्ख्या भावाच्या दातावर लेझरचा झोत मारून पाहिला. भाऊ, बर्नार्ड, स्वतःच दातांचा डॉक्टर! थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला तो १९६० मध्ये, माणकाच्या कांडीतून. म्हणजे हे यंत्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं. बर्नार्डला दुखलं नाही म्हणे. दाताच्या वरच्या थराला मात्र थोडी इजा झाली.

आज लेझर दाढेच्या थेट पोटात शिरतो. कशाला? सांगते.

इनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. त्याच्या आत, खोलवर, मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. दाताला ‘कीड’ लागते म्हणतात, पण आत अळीबिळी काही नसते हं! असतात ते जंतू. ते गरापर्यंत पोचले की रात्री-बेरात्री दाढ ठणकते. मग डॉक्टर खराब गर काढून मुळांतल्या नळ्या साफ करतात. हेच ते रूट कॅनॉल.

सोपं वाटतंय? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार. साधारण शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं आणि मग दातच विरघळवून टाकले. मागे राहिले नळ्यांचे ठसे. सरळ नळी कुठली, नुसते फाटे, वळणं, जाळ्या! शिवाय नळीच्या भिंतीत दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म भोकं. जंतू त्यांतही लपतात.

नळ्या घासायच्या बारीक कानशीचं, म्हणजे फाइलचं, टोक ०.१ मिलिमीटरचं असतं, तरी ती फाट्यांत वळत नाही. म्हणून पिचकारीने सोडियम हायपोक्लोराइट सोडतात. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये असतं ना, तेच. पण नळीचं टोक बंद. तिथे हवा अडकते आणि औषध खाली उतरतच नाही.

निमुळत्या तोंडाची बाटली आजी कशी धुते, आठवा. आत हात जात नाही, म्हणून पाणी आणि मूठभर तांदूळ घालून ती खळखळवते. लेझर तसंच करतो, फक्त तांदळांऐवजी बुडबुडे वापरतो.

इथे माणकाचा लाल प्रकाश चालत नाही. अर्बियम लेझरचा २९४० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, कारण पाणी तो घटाघटा पितं. एका सेकंदाचे वीस हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढाच काही यंत्रांचा एकेक झोत टिकतो. तेवढ्यात लेझरच्या टोकाजवळच्या, औषधातल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि लगेच चेपतो. त्या धक्क्याने औषध कानाकोपऱ्यांत घुसळलं जातं, भिंतींवरची घाण सुटते. जंतूंना सिनेमातल्यासारखं भाजून काढणं वगैरे इथे नसतं. खरी मेहनत पाण्याची!

अर्थात फाइल आणि औषध लागतंच, आणि हे यंत्र महाग असल्याने सगळ्या दवाखान्यांत नसतं. नळ्या कोरड्या झाल्या की त्यांत गटापर्चा भरतात. तो एका झाडाचा चीक. एकेकाळी समुद्रातल्या तारायंत्राच्या तारांवर तोच गुंडाळत.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो. म्हणून डॉक्टर, मदतनीस आणि खुर्चीतले तुम्ही, सगळ्यांना खास चष्मा. तो लावून आ करून बसलात की कानावर येईल टक्‌, टक्‌, टक्‌. ते बुडबुडे!