गणिताची भीती घालविण्यासाठी...

नेकनूरची (जि. बीड) शाळा असो वा पुण्याची, 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारे मूल वर्गात हमखास सापडते. ते मठ्ठ नसते. मराठीत एकक आधी उच्चारतात, लिहिताना मात्र दशक आधी येतो. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. अशा चुकीवर हशा पिकला, की भीती मूळ धरते. मग मन भीतीतच गुंतल्याने येणारे गणितही चुकते, असे मानसशास्त्र सांगते.

ही अडचण ओळखून 'बालभारती'ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच, पंचवीस' असे संख्यावाचन दिले. त्यामुळे भाषा बिघडेल, अशी टीका झाली. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी या पद्धतीचे समर्थन केले होते.

हा वाद बाजूला ठेवला, तरी पालकांना घरी एक उपाय करता येईल. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. त्याला आधी मोजू द्यावे, मग बोलू द्यावे, शेवटी लिहू द्यावे. घाई करू नये. चुकल्यास रागावण्याऐवजी 'हे कसे काढलेस?' असे विचारावे. उत्तर देता देता अनेकदा मुलाला आपली चूक स्वतःच उमगते आणि भीती ओसरू लागते.